बेथलेहेमची वर्गणी

शुभ शुक्रवारी क्रूसाची आराधना करताना आपण गुडघे टेकतो, क्रूसाचे चुंबन घेतो आणि शेजारी ठेवलेल्या ताटात किंवा पेटीत काही पैसे टाकून आपल्या जागी परततो. त्या दिवशी मिस्सा होत नाही, घंटा वाजत नाही, वेदी उघडी असते. आणि अशा उदास दुपारी पैशांचा विचार कोणाच्या मनात येत नाही. ही रक्कम आपल्या धर्मग्रामात राहत नाही, ती धर्मप्रांताच्या कार्यालयातून पुढे पवित्र भूमीकडे रवाना होते, एवढे पुष्कळांना ठाऊक असते. कशासाठी, असे विचारले तर बहुधा ‘तिकडची चर्चेस सांभाळण्यासाठी’ असे उत्तर मिळते. उत्तर खोटे नाही, पण अर्धेच आहे. त्या चर्चेसच्या सावलीत राहणारी, यात्रेकरूंच्या पावलांवर ज्यांची चूल पेटते अशी कुटुंबे तेथे शेकडो वर्षे नांदत आली आहेत. जैतुनाच्या लाकडात गव्हाणी कोरणारे कारागीर, रोझरीच्या माळा ओवणाऱ्या बायका, छोटे दुकानदार, वाटाडे, बसचालक, हॉटेलातील आचारी आणि वेटर ही ती माणसे. यात्रा बंद पडली की त्यांचा हंगाम बुडतो. अशा वेळी त्यांना कोणी सावरले, कसे सावरले आणि ते सावरणे कोठे अपुरे पडले, याचा मागोवा आम्ही येथे बेथलेहेमच्या निमित्ताने घेणार आहोत.

या परंपरेचा पहिला अध्याय नव्या करारातच आहे. सम्राट क्लौद्य याच्या कारकिर्दीत दुष्काळ पडला आणि अंत्युखियाच्या भाविकांनी यहूदियातील बंधुजनांसाठी आपापल्या ऐपतीप्रमाणे मदत पाठविली, ती बर्णबा आणि शौल यांच्या हाती, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायात नोंदलेले आहे. पुढे पौलाने हे काम अंगावरच घेतले. जेरुसलेममधील गरीब पवित्र जनांसाठी त्याने गलतिया, मासेदोनिया आणि अखया या प्रांतांत पैसे जमविले. करिंथकरांना तो अगदी व्यवहारी सूचना देतो: प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे, म्हणजे तो आल्यावर धावपळ नको. मासेदोनियाचे लोक स्वतः दरिद्री असूनही ऐपतीपलीकडे देऊन गेले, हेही तो करिंथकरांना ऐकवतो. श्रीमंत शहराला गरिबांचे उदाहरण देऊन थोडे चिमटीत धरण्याची ही पौलाची खास हातोटी. रक्कम नेताना त्याने ठिकठिकाणच्या मंडळ्यांचे प्रतिनिधी बरोबर घेतले, कारण एवढ्या मोठ्या पैशाबद्दल कोणी बोट दाखवू नये याची त्याला काळजी होती. धर्मग्रामाचे हिशेब ठेवणाऱ्या आपल्या समित्यांनी तो आठवा अध्याय अधूनमधून वाचावा.

मूळ ग्रीकमध्ये पौल या निधीला निरनिराळी नावे देतो. कधी तो त्याला कृपा म्हणतो, कधी सेवा, कधी सहभागिता. मराठी बायबलमध्ये करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात त्यासाठी ‘वर्गणी’ हा शब्द आला आहे, आणि तो आम्हांला फार मोलाचा वाटतो. वर्गणी म्हणजे दान नव्हे. गावच्या चर्चचा सण आला की घरटी वर्गणी निघते. ती देणारा कोणावर उपकार करीत नाही, तो गावचा असतो म्हणून देतो, आणि ज्याने दिली नाही त्याच्याकडे लोक थोडे चमत्कारिक नजरेने पाहतात. रोमकरांस लिहिताना पौल हेच सांगतो. परराष्ट्रीयांना जेरुसलेमच्या लोकांकडून आत्मिक ठेवा मिळाला, म्हणून ऐहिक गोष्टींत त्यांच्या उपयोगी पडणे हे त्यांचे देणे आहे, असा त्याचा युक्तिवाद आहे. दात्याला ऋणको ठरविणारा हा विचार पुढच्या काळात अनेकदा विसरला गेला. पौलाला स्वतःला मात्र या वर्गणीची किंमत मोजावी लागली. ती पोहोचविण्यासाठी तो जेरुसलेमला गेला आणि तेथेच पकडला गेला. तेथून सुटका अशी झालीच नाही, तो कैदी म्हणूनच रोमला पोहोचला.

पौलाच्या काळी जेरुसलेमच्या ख्रिस्ती गरिबांचा यात्रेकरूंशी संबंध नव्हता. तो जुळला चौथ्या शतकात. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या आज्ञेने बेथलेहेमच्या गुहेवर मंदिर उभे राहिले आणि दूरदूरचे भाविक तेथे येऊ लागले. इ. स. ३८६ मध्ये संत जेरोम बेथलेहेमला स्थायिक झाला. त्याच्याबरोबर रोममधील धनाढ्य घराण्यातील विधवा पावला होती. तिने आपली संपत्ती मठांवर आणि यात्रेकरूंसाठी बांधलेल्या धर्मशाळेवर खर्च केली. ज्या गावात पवित्र कुटुंबाला उतरायला जागा मिळाली नव्हती त्या गावात आता कोणाही पाहुण्याला जागा मिळावी, ही तिची इच्छा. इ. स. ४०४ मध्ये ती मरण पावली तेव्हा मुलीच्या वाट्याला वारसा म्हणून कर्ज आले. ४१० साली रोम लुटले गेले आणि तेथील निर्वासितांचे लोंढे बेथलेहेमपर्यंत पोहोचले; जेरोमने यहेज्केलवरील भाष्य बाजूला ठेवले आणि तो त्यांच्या व्यवस्थेला लागला. म्हणजे पंधराशे वर्षांपूर्वीच हे खेडे पाहुण्यांचे गाव झाले होते. पाहुण्यांनी ते जगवले आणि पाहुण्यांनीच ते कर्जबाजारीही केले.

मधली अनेक शतके आम्ही ओलांडतो आणि फ्रान्सिस्कनांपाशी येतो, कारण आजच्या वर्गणीची मुळे त्यांच्यापाशी आहेत. १२१७ साली या संघाने पवित्र भूमीसाठी स्वतंत्र प्रांत निर्माण केला आणि १२१९ मध्ये संत फ्रान्सिस स्वतः इजिप्तमध्ये सुलतान अल्-कामिलला भेटला. १३३३ च्या सुमारास नेपल्सचा राजा रॉबर्ट आणि राणी सांचा यांनी सुलतानाला द्रव्य देऊन पवित्र स्थळी राहण्याचे हक्क फ्रान्सिस्कनांसाठी मिळविले, आणि पोप सहावे क्लेमेंट यांनी १३४२ मध्ये संघाकडे पवित्र स्थळांची राखण अधिकृतपणे सोपविली. १३४७ पासून ते बेथलेहेममध्ये आहेत. वसईच्या वाचकांना हा संघ परका नाही. सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर धर्मग्रामे उभारणाऱ्यांत फ्रान्सिस्कन होते, आणि १५९७ साली नागासाकी येथे क्रूसावर प्राण देणारा आपला संत गोन्सालो गार्सिया याच संघाचा बंधू. स्वतःजवळ काही न ठेवण्याचे व्रत घेतलेल्या या लोकांना मठ, मंदिरे आणि धर्मशाळा राखायच्या होत्या. ते भिक्षेवाचून शक्य नव्हते. म्हणून युरोपातील देशोदेशी पवित्र भूमीसाठी निधी जमविणारे प्रतिनिधी नेमण्याची प्रथा पंधराव्या शतकापासून रूढ झाली.

पैसा आला तो केवळ दगडाचुन्यात गेला नाही. बेथलेहेमच्या जुन्या वस्तीत ‘तराजमे’ नावाचा एक मोहल्ला आहे. त्याचा अर्थ दुभाष्यांचा. फ्रान्सिस्कन बंधू आणि यात्रेकरू यांच्यासाठी दुभाषेगिरी करणारी लॅटिन पंथाची कुटुंबे तेथे राहत. मठाच्या शाळेत मुले इटालियन शिकत. बेथलेहेममधील टेरा सांक्ता शाळेची स्थापना १५९८ सालची सांगतात. आणि याच सुमारास तेथे एक हस्तकला फोफावली. जैतुनाच्या झाडांची छाटणी झाली की फांद्यांचे लाकूड हाती येते. ते नीट वाळू दिले नाही तर कोरलेली मूर्ती पुढे तडकते. या लाकडाचे क्रूस, माळेचे मणी आणि गव्हाणीतील मूर्ती होऊ लागल्या. तांबड्या समुद्रातील शिंपले आणून त्यांचे चमकते अस्तर कापायचे, कानसायचे, त्यावर बारीक नक्षी कोरायची आणि लाकडात जडवायचे, हे दुसरे काम.

या कामाची सर्वांत डौलदार वस्तू म्हणजे पवित्र कबरेच्या मंदिराची लाकडी प्रतिकृती. बेर्नार्दिनो आमिको या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने पवित्र स्थळांचे मोजमाप घेऊन आराखडे काढले. ते १६०९ मध्ये आणि पुन्हा १६२० मध्ये छापून प्रसिद्ध झाले. बेथलेहेमच्या कारागिरांनी तयार केलेल्या या मंदिराच्या प्रतिकृती सुट्या होत. छत उचलले की आतील दालने दिसत. यांतील अनेक प्रतिकृती पवित्र भूमीला सढळ हाताने साहाय्य करणाऱ्या राजेरजवाड्यांना आणि मान्यवरांना भेट म्हणून गेल्या, आणि आज त्या युरोपातील वस्तुसंग्रहालयांत आहेत. एका अर्थाने त्या वर्गणीच्या पावत्याच आहेत. युरोपातून मदत यायची, तिच्यातून कारागिराला काम मिळायचे आणि त्याच्या हातची वस्तू परत युरोपात जायची. घेणारा रिकाम्या हाताने घेत नव्हता. आम्हांला या साऱ्या इतिहासातील ही सर्वांत निरोगी व्यवस्था वाटते.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. आगबोटी आल्या. थॉमस कुक याने १८६९ साली पॅलेस्टाइनची पहिली सहल नेली, त्याच वर्षी सुएझ कालवा खुला झाला, आणि १८९२ मध्ये याफा ते जेरुसलेम रेल्वे धावू लागली. रशियातील शेतकरी हजारोंच्या संख्येने यात्रेला येत आणि छातीवर शिंपल्याचा क्रूस लावून परत जात. बेथलेहेमचे व्यापारी ग्राहकाची वाट पाहत न बसता स्वतः पेट्या घेऊन जगभर हिंडू लागले; १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात बेथलेहेमच्या वस्तू मांडलेल्या होत्या. त्यांच्यातील पुष्कळजण पुढे चिली, होंडुरास, एल साल्व्हादोर या देशांत स्थायिक झाले. चिलीमध्ये पॅलेस्टिनी स्थलांतरितांनी १९२० साली काढलेला ‘पालेस्तिनो’ हा फुटबॉल संघ आजही खेळतो. पेटीत माळा घेऊन निघालेल्या माणसांच्या वंशजांनी तिकडे गिरण्या आणि बँका काढल्या.

बेथलेहेमला बरे दिवस आले असतानाच पोप तेरावे लिओ यांनी २६ डिसेंबर १८८७ च्या पत्राने पवित्र भूमीसाठीची वर्गणी जगभरच्या धर्मग्रामांतून वर्षातून एकदा गोळा केली जावी असा दंडक घातला. ती शुभ शुक्रवारी गोळा करण्याची प्रथा तेव्हापासून दृढ झाली. आधी जे राजांचे आणि सरदारांचे काम होते ते आता साध्या कुटुंबाचे झाले. नेपल्सच्या राणीच्या द्रव्याऐवजी कोठल्याशा खेड्यातील विधवेचा पैसा बेथलेहेमला जाऊ लागला. या बदलाचे मोल फार मोठे आहे, कारण राजघराणी बुडतात.

ती बुडालीच. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि यात्रा एका फटक्यात थांबली. रशियन यात्रेकरू जे गेले ते त्या प्रमाणात पुढे कित्येक दशके परतले नाहीत. १९१५ मध्ये टोळधाडीने पॅलेस्टाइनमधील पिके खाल्ली, तरुणांना तुर्की सैन्यात ओढून नेले, उपासमार झाली. ज्यांचे नातलग अमेरिकेत होते ते युद्ध संपताच तिकडे निघाले. वसईच्या बागायतदाराला हे फोड करून सांगायला नको. साऱ्या वाडीत एकट्या पानवेलीवर भिस्त ठेवली आणि वेलीवर रोग पडला म्हणजे घरात काय होते हे आपल्या आजोबापणजोबांनी पाहिले आहे. बेथलेहेमचे पीक म्हणजे पाहुणा. आणि या पिकावर पडणारा रोग त्यांच्या मातीतून येत नाही, तो लंडन, कॉन्स्टँटिनोपल किंवा तेल अवीव येथील निर्णयांतून येतो.

१९४८ च्या युद्धानंतर बेथलेहेमभोवती निर्वासितांच्या तीन छावण्या उभ्या राहिल्या आणि यात्रेच्या गावाला स्वतःच आश्रयस्थान व्हावे लागले. पोप बारावे पायस यांनी १९४९ मध्ये पॅलेस्टाइनसाठी साहाय्य संस्था स्थापन केली. १९५२ मध्ये फादर अर्न्स्ट श्निड्रिग या स्विस धर्मगुरूने बेथलेहेममध्ये बालरुग्णालय सुरू केले. त्याचा खर्च मुख्यतः स्वित्झर्लंड आणि जर्मनीतील भाविकांच्या नाताळच्या दानातून चालत आला आहे. जानेवारी १९६४ मध्ये पोप सहावे पॉल पवित्र भूमीत गेले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात ते पवित्र मिस्साबलिदान महासंमेलनासाठी आपल्या मुंबईत आले. मुंबईत वापरलेली, अमेरिकनांनी भेट दिलेली मोटार त्यांनी मदर तेरेसांना देऊन टाकली, आणि मदरनी ती सोडतीत काढून कुष्ठरोग्यांसाठी पैसा उभा केला, हे जुन्या पिढीला आठवत असेल. बेथलेहेमच्या भेटीचे फळ थोडे उशिरा आले: १९७३ मध्ये तेथे विद्यापीठ सुरू झाले, आणि तेथे हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षणही मिळू लागले. मुलांना गावातच पोट भरता यावे, हा त्यामागचा सरळ हिशेब.

याच पोप महोदयांनी २५ मार्च १९७४ रोजी पवित्र भूमीच्या गरजांविषयी एक प्रबोधनपर पत्र काढले. शुभ शुक्रवारच्या वर्गणीची आजची चौकट त्यात आहे. त्या पत्रातला एक विचार आम्हांला कळीचा वाटतो. तेथील ख्रिस्ती लोक नाहीसे झाले तर पवित्र स्थळांतील जिवंत साक्षीची ऊब जाईल आणि ती वस्तुसंग्रहालयांसारखी होतील, असा इशारा त्यांनी दिला. म्हणजे वर्गणीचा केंद्रबिंदू दगडावरून माणसावर आला. आज जमलेल्या रकमेचा पासष्ट टक्के भाग फ्रान्सिस्कनांच्या पवित्र भूमी प्रांताकडे आणि पस्तीस टक्के भाग रोममधील पौर्वात्य चर्चविषयक खात्याकडे जातो. त्यातून मंदिरांची डागडुजी होते, तसेच शाळांच्या फिया, धर्मशिक्षण आणि जेरुसलेम व बेथलेहेममध्ये ख्रिस्ती कुटुंबांसाठी घरे यांवरही खर्च होतो.

या घरांबद्दल मात्र थोडे थांबून बोलावेसे वाटते. नाममात्र भाड्याने किंवा भाडे न घेता घर मिळाल्यामुळे कित्येक कुटुंबे तेथे टिकली, यात संशय नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या मठाच्या घरात राहून, मठाच्या शाळेत शिकून आणि मठाच्या यात्रेकरूंवर जगून माणसाच्या मनाला एक प्रकारचे परावलंबन येते, अशी खंत खुद्द तेथील जाणत्या लोकांनीही व्यक्त केलेली आहे. मदतीच्या इतिहासात ही बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. राणी सांचाच्या काळापासून जो हात देत आला त्याने घेणाऱ्याचे हात किती मोकळे ठेवले, हा प्रश्न प्रत्येक निधीला विचारला गेला पाहिजे. आपल्या धर्मग्रामातील व्हिन्सेंट दी पॉल संस्थेच्या बैठकांनाही तो अपरिचित नाही.

२००० हे वर्ष ख्रिस्तजयंतीचे महोत्सवी वर्ष होते. बेथलेहेमने त्याची जय्यत तयारी केली. रस्ते सुधारले, चौक सजला, हॉटेले उभी राहिली. वाढणारी गर्दी पाहून अनेक कुटुंबांनी कर्जे काढून दुकाने आणि कारखाने वाढवले. २२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी तेथे मिस्सा अर्पण केली. आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरअखेरीस दुसऱ्या इंतिफादाचा भडका उडाला. यात्रेकरूंच्या बस दिसेनाशा झाल्या. २ एप्रिल २००२ पासून १० मेपर्यंत, एकोणचाळीस दिवस, सशस्त्र पॅलेस्टिनी, धर्मगुरू, धर्मभगिनी आणि सामान्य माणसे जन्ममंदिरात अडकून पडली आणि बाहेर इस्रायली सैन्याचा वेढा होता. गावात संचारबंदी. शहराच्या कडेने पुढे भिंतही उभी राहिली. कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत.

या संकटात मदतीचा एक जुना प्रकार नव्याने उगवला. बेथलेहेमच्या कारागीर कुटुंबांनी आपल्या मूर्ती आणि क्रूस पेट्यांत भरले आणि त्यांच्यातील काहीजण अमेरिकेतील धर्मग्रामांत गेले. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या दारात टेबले मांडून विक्री होई. धर्मगुरू प्रवचनाच्या शेवटी दोन शब्द सांगत, लोक रांग लावत, आणि परत जाताना त्या पैशात गावातील अनेक कुटुंबांचा वाटा असे. ब्रिटन आणि युरोपातील धर्मग्रामांतूनही अशी विक्री होत आली आहे. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनाचीच ही गरीब आवृत्ती. परंतु तिच्यात कारागिराची मान ताठ राहते. हातात रोख मदत ठेवली तर महिना निघतो. गव्हाणीची मागणी नोंदवली तर सुताराला मदतनीस लागतो, मदतनिसाला मजुरी मिळते, आणि मुलगा धंदा शिकतो. अर्थात म्हातारी आई आजारी असेल तर मागणीची वाट पाहता येत नाही, तेथे रोख पैसाच लागतो. म्हणून आम्ही एका पद्धतीसाठी दुसरी मोडीत काढत नाही. फ्रान्सिस्कनांचे पुरातत्त्वज्ञ फादर मिकेले पिक्किरिल्लो हे या हस्तकलांचे मोठे जाणकार होते. ते २००८ मध्ये निवर्तले. त्यांच्या नावाने बेथलेहेममध्ये चालणाऱ्या केंद्रात तरुणांना शिंपल्याचे आणि जैतुनाच्या लाकडाचे काम शिकविले जाते. आम्हांला असा खर्च वर्गणीच्या मूळ कल्पनेला सर्वांत जवळचा वाटतो.

२०१९ पर्यंत यात्रा पुन्हा भरात आली होती. त्या वर्षी इस्रायलमध्ये सुमारे पंचेचाळीस लाख पर्यटक आले, आणि त्यांतील पुष्कळांनी बेथलेहेमही पाहिले. मग ५ मार्च २०२० रोजी कोरोनाच्या साथीमुळे जन्ममंदिराची दारे बंद झाली. मे महिन्याच्या अखेरीस ती उघडली, पण परदेशी यात्रेकरू नव्हते. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांना प्रवेश मिळाला आणि त्याच महिन्याच्या शेवटी तो पुन्हा बंद झाला. या वेळी जुन्या व्यवस्थेतील एक दोष ठळकपणे उघडा पडला. पूर्वी बेथलेहेमवर संकट आले की जगातील बाकीची चर्चेस भरलेली असत आणि ताट फिरत असे. २०२० च्या शुभ शुक्रवारी, १० एप्रिलला, जगभर चर्चेसच बंद होती. आपण घरात बसून दूरदर्शन संचावर आणि मोबाईलवर क्रूसाची आराधना पाहिली. ज्या कारणाने हॉटेल रिकामे झाले त्याच कारणाने दानपेटीही रिकामी झाली. पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने वर्गणी त्या वर्षापुरती १३ सप्टेंबरवर, पवित्र क्रूसाच्या विजयोत्सवाच्या लगतच्या रविवारी, नेण्यात आली. दरम्यान जेरुसलेमच्या लॅटिन पॅट्रिआर्केटने पवित्र कबरेच्या संघाच्या साहाय्याने अन्नधान्य, औषधे आणि बाळांसाठी लागणाऱ्या वस्तू यांची सोय केली.

ती कुटुंबे जरा श्वास घेतात तोच ७ ऑक्टोबर २०२३ चा हल्ला आणि गाझाचे युद्ध आले. प्रवासी कंपन्यांनी दौरे रद्द केले, नाके बंद झाले, इस्रायलमध्ये मजुरीला जाणाऱ्यांचे परवाने थांबले. म्हणजे घरातील एकजण पर्यटनात आणि दुसरा पलीकडे बांधकामावर, असे दोन खांब ज्यांनी धरले होते त्यांचे दोन्ही खांब एकदमच गेले. १० नोव्हेंबर २०२३ रोजी जेरुसलेमच्या सर्व ख्रिस्ती प्रमुखांनी त्या वर्षी नाताळचा झगमगाट टाळण्याचे आवाहन केले. मेंजर चौकात झाड लागले नाही. लुथरन चर्चमध्ये बाळ येशूला दगडविटांच्या ढिगाऱ्यात ठेवलेले चित्र जगभर पाहिले गेले. २०२४ चा नाताळही तसाच गेला. या दोन वर्षांत अनेक ख्रिस्ती कुटुंबे बेथलेहेम सोडून गेली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जे गाव बहुसंख्येने ख्रिस्ती होते, तेथे ख्रिस्ती लोक आता अल्पसंख्य आहेत, आणि प्रत्येक संकटानंतर गेलेल्यांपैकी परत येणारे थोडेच असतात.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पर्यटनावर जगणारी बेथलेहेमची सारीच कुटुंबे ख्रिस्ती नाहीत. मुसलमान दुकानदार आहेत, बसचालक आहेत, लाकूड कोरणारे आहेत. शुभ शुक्रवारची वर्गणी मुख्यतः ख्रिस्ती समाजासाठी असली तरी बालरुग्णालयात सर्व धर्मांची बाळे येतात आणि बेथलेहेम विद्यापीठातील बहुसंख्य विद्यार्थी मुसलमान आहेत. शेजाऱ्याची चूल विझलेली असताना आपली एकट्याची पेटत राहावी, असे त्या गावात कधी शक्यही झालेले नाही.

आपल्याकडूनही आता दरवर्षी यात्रेकरू पवित्र भूमीला जातात. वसई, मुंबई, गोवा येथील धर्मग्रामांतून गट निघतात, त्यांच्याबरोबर धर्मगुरू असतात. पुष्कळ दौऱ्यांत बेथलेहेमसाठी अर्धा दिवस असतो. बस नाका ओलांडते, जन्ममंदिरातील चांदीच्या ताऱ्यावर ओठ टेकले जातात, मार्गदर्शक ठरवील त्या एका मोठ्या दुकानात खरेदी होते आणि रात्रीचा मुक्काम पलीकडे असतो. बेथलेहेममधील छोट्या हॉटेलात दोन रात्री काढल्या तर त्या घराला जे मिळेल ते आपल्या ताटातील नोटेपेक्षा कितीतरी अधिक असेल. दौरा ठरविताना हे विचारायला काही हरकत नसते. आणि परदेशी कारखान्यात साच्यातून काढलेले प्लॅस्टिकचे बाळ येशू जर बेथलेहेममध्येच विकत घ्यायचे असतील तर एवढ्या लांब कशाला जायचे?

डिसेंबर २०२५ मध्ये, युद्धविराम होऊन दोन महिने झाले असताना, मेंजर चौकात दोन वर्षांच्या खंडानंतर नाताळचे झाड पुन्हा उजळले. चौकात जमलेल्यांत परदेशी यात्रेकरू थोडे होते. अधिक होते ते गावचे आणि आसपासच्या गावांतील लोक, मुलांना खांद्यावर घेऊन आलेले.